समास : पानाच्या कोऱ्या कडेचे शास्त्र

पाटी सुटून मुलाच्या हाती प्रथम वही येते, तेव्हा गुरुजी अक्षरांच्याही आधी त्याला एक उभी रेघ आखावयास लावतात. या रेघेच्या डावीकडे लिहावयाचे नाही, हा नियम मूल निमूटपणे पाळते. परंतु ती जागा कोरी का सोडावयाची, हे त्याला क्वचितच कोणी सांगतो. आज कचेरीत वापरला जाणारा ए-चार आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या चारही बाजूंस २५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक इंच, जागा सोडली तर कागदाच्या शंभर भागांपैकी जवळजवळ सदतीस भाग कोरे राहतात. कागदाची एवढी उधळपट्टी मनुष्याने कशासाठी पत्करली असावी?

या कोऱ्या कडेला मराठीत ‘समास’ म्हणतात. व्याकरणातला समास दोन पदांना जवळ आणतो, पानावरला समास मात्र अक्षर आणि कड यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. एकाच शब्दाने दोन उलट कामे करावीत ही भाषेची गंमत होय. असो.

समासाची गरज कशी निर्माण झाली हे पाहावयाचे असेल, तर कागदाच्याही मागे, ताडपत्रांपर्यंत जावे लागते. आणि ताडपत्रांसाठी म्हैसूरसारखे ठिकाण नाही. तेथे १८९१ साली, दहावे चामराज वडियार यांच्या कारकिर्दीत, ‘ओरिएंटल लायब्ररी’ स्थापन झाली. पुढे ती म्हैसूर विद्यापीठाकडे आली व प्राच्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. याच ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या हाती १९०५ साली कौटिलीय अर्थशास्त्राची ताडपत्रावरील प्रत आली. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ती ग्रंथालयास दिली होती. लिपी ग्रंथ होती आणि सोबत भट्टस्वामीच्या टीकेचा एक तुकडा होता. हा ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाला, अशीच तोवर विद्वानांची समजूत होती. शामशास्त्रींनी १९०९ साली मूळ संस्कृत संहिता छापून प्रसिद्ध केली व १९१५ साली तिचे इंग्रजी भाषांतर. चाणक्याचे नाव आज सर्वतोमुखी आहे. त्याचा ग्रंथ मात्र अशा अरुंद पट्ट्यांच्या जुडग्यातून आपल्यापर्यंत पोहोचला.

पानावरील भोक

ताडाचे किंवा श्रीतालाचे पान सुकवून, घासून गुळगुळीत करीत आणि लोखंडी अणकुचीदार लेखणीने त्यावर अक्षरे कोरीत. नंतर वरून काजळ चोळले की ते कोरलेल्या रेषांत बसे व अक्षर काळे दिसू लागे. पान लांबीला हातभर असले, तरी उंचीला जेमतेम तीन-चार बोटे. अशी शंभर-दोनशे सुटी पाने क्रमाने एकत्र ठेवण्यासाठी प्रत्येकात एक किंवा दोन भोके पाडून त्यांतून दोरी ओवीत आणि वर-खाली लाकडी फळ्या देऊन जुडगे बांधून टाकीत.

खरी अडचण या भोकापाशी सुरू होते. ताडपत्राचे तंतू लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून भोकाच्या कडेला थोडा जरी ताण पडला तरी पान त्या दिशेने चिरत जाते. वाचताना पान उलटले की दोरी भोकाच्या कडेवर घासते, भोक मोठे होते, आणि त्याला लागून अक्षर असेल तर ते प्रथम पुसट होते व मग नाहीसे होते. म्हणून लेखक भोकाभोवती जागा सोडीत. ही जागा सोडण्याच्या दोन रीती आढळतात. काही लेखक पानाच्या वरपासून खालपर्यंत उभा पट्टाच कोरा ठेवीत. त्यामुळे मजकुराचे दोन किंवा तीन स्तंभ पडत. काही लेखक अधिक काटकसरी होते. ते वरची व खालची ओळ सलग या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहीत आणि मधल्या ओळी तेवढ्या भोकापाशी थांबवून पलीकडे पुन्हा सुरू करीत. एकाच पानावर निरनिराळ्या ओळींना निरनिराळे समास देण्याचा हा प्रकार आजच्या संगणकाच्या किती आधीचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पानाच्या दोन्ही टोकांनाही कोरी जागा असे. बोटांचा मळ, दमटपणा आणि कीड यांची चढाई टोकांकडूनच होते. समास म्हणजे शत्रूसाठी सोडलेली माळरानाची पट्टी होय. शिवाय डाव्या समासात पानाचा क्रमांक कोरलेला असे. दोरी तुटून पाने विखुरली, तर त्यांची जुळणी करण्यास एवढाच आधार राहतो.

कागद आला तेव्हा भोकाची गरज संपली, परंतु भोकाची आठवण संपली नाही. पश्चिम भारतातील कित्येक जैन पोथ्यांत पानाच्या मध्यभागी अक्षरे टाळून एक चौकोन कोरा ठेवलेला दिसतो व त्यात बहुधा तांबडा ठिपका असतो. तेथे दोरी कधीच ओवलेली नसते. समासाला आता नवे कामही मिळाले. लिहिताना एखादे अक्षर गळले तर ओळीत काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. वाचणारा पंडित कठीण शब्दाचा अर्थही तेथेच टिपून ठेवी. पुढे बांधणाऱ्याने पाने एकसारखी करण्यासाठी कडा कापल्या म्हणजे अशी टिपणे अर्धी कापली जात. पिढ्यांच्या विद्वत्तेवर कात्री चालवताना त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसे.

यंत्रावरील समास

टंकलेखन यंत्रावर समास ठरवण्यासाठी दोन सरकते अडसर असत. डावा अडसर ओळीचा आरंभ ठरवी. उजव्या अडसराच्या काही अक्षरे आधी घंटा वाजे, म्हणजे टंकलेखकाने शब्द पुरा करून पुढील ओळीवर जावे. मध्येच रुंद तक्ता आला तर अडसर सरकवावयाचे आणि तक्ता संपल्यावर पुन्हा जागेवर आणावयाचे, एवढेच काम. पान डोळ्यांपुढे होते. जे सरकवले ते पुढच्या ओळीपासून लागू होई आणि मागचे लेखन जसेच्या तसे राही.

संगणकावरील लेखनात हा सरळपणा राहिला नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. संगणकाच्या स्मृतीत पान नावाची वस्तू साठवलेली नसते. तेथे मजकुराचा एक अखंड प्रवाह असतो. त्याची पाने कोठे पडतील हे यंत्र कागदाचा आकार, अक्षरांचा आकार आणि समास यांवरून गणित करून ठरवते, व एक परिच्छेद वाढला की पुन्हा ठरवते. सतराव्या पानाला निराळा समास द्या, असे यंत्राला सांगणे म्हणूनच व्यर्थ होय; उद्या सतराव्या पानावर दुसराच मजकूर आलेला असेल. समास पानाला न बांधता मजकुराच्या तुकड्याला बांधावा लागतो. या तुकड्याला विभाग म्हणतात, आणि दोन विभागांच्या सीमेवर जी खूण ठेवावी लागते तिला पडद्यावर ‘सेक्शन ब्रेक’ असे नाव दिसते.

उदाहरण घेऊ. म्हैसूरचा एखादा संशोधक विद्यार्थी आपला प्रबंध लिहीत आहे. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, व उजवीकडे २५ मिलिमीटर समास त्याने ठेवला आहे. ओळीला उरतात १४७ मिलिमीटर. आता त्याला आठ हस्तलिखितांतील पाठभेद आठ रकान्यांत शेजारी शेजारी मांडावयाचे आहेत. प्रत्येक रकान्यास १८ मिलिमीटर येतात. त्यात एक संस्कृत सामासिक शब्दही मावणार नाही. पान आडवे करून दोन्ही बाजूंस २५ मिलिमीटर सोडले तर ओळ २४७ मिलिमीटर होते आणि रकान्यास जवळजवळ ३१ मिलिमीटर मिळतात. विद्यार्थ्याने तक्त्याच्या आधी एक व नंतर एक अशा दोन विभागखुणा घालाव्यात, मधल्या विभागात जाऊन पान आडवे करावे व समास बदलावेत. मात्र बदल ‘या विभागापुरता’ असल्याची खात्री करून घ्यावी.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. आडव्या पानाचे डोके बांधणीकडे ठेवण्याची रीत आहे. म्हणजे दीड इंचाचा समास आता डावीकडे नको, वर हवा. तो वर न दिल्यास तक्त्याचा मथळा बांधणीत गिळला जातो, आणि प्रबंध जाड पुठ्ठ्यात बांधून झाल्यावर यावर काही उपाय उरत नाही. भोकाला लागून कोरलेल्या अक्षराची जी गत, तीच या मथळ्याची.

याहून मोठा घोटाळा विभागखूण पुसल्याने होतो. ‘वर्ड’ या प्रचलित प्रणालीत विभागाचे समास विभागाच्या आरंभी नोंदलेले नसतात. ते त्याच्या शेवटच्या खुणेत असतात. शेवटच्या विभागाचे समास दस्तऐवजाच्या अखेरीस असतात. त्यामुळे तक्त्याच्या आधीची खूण चुकून पुसली गेली, तर तक्ता मागील प्रकरणासारखा उभा होत नाही. उलट मागचे सबंध प्रकरण तक्त्यासारखे आडवे होते. चाळीस पाने एका क्षणात आडवी झालेली पाहून, प्रबंध सादर करण्याच्या आदल्या रात्री, यंत्रच बिघडले असे एखाद्यास वाटल्यास नवल नाही. यंत्र बिघडलेले नसते. प्रकरणाने आपली सीमा गमावलेली असते व पुढची जी सीमा सापडली तिचा नियम स्वीकारलेला असतो. केलेली कृती तत्काळ मागे घ्यावी, हा पहिला उपाय. या खुणा एरवी अदृश्य असतात. त्या पडद्यावर दिसतील अशी व्यवस्था करूनच काम केले, तर असा प्रसंग बहुधा येत नाही.

पानाच्या शीर्षभागी असलेले प्रकरणाचे नाव व पृष्ठांक हेही त्रास देतात. मधल्या विभागाची ओळ रुंद झाली तरी पृष्ठांक पुष्कळदा जुन्याच अंतरावर, मध्येच लटकलेला राहतो. कारण त्याचे स्थान समासावरून ठरलेले नसून ओळीच्या आरंभापासूनच्या ठरीव अंतरावरून ठरलेले असते. तो हाताने सरकवावा लागतो. सरकवण्यापूर्वी या विभागाच्या शीर्षकाचा मागील विभागाशी असलेला दुवा तोडला पाहिजे, आणि तसाच पुढील विभागाचाही. नाही तर एकीकडची दुरुस्ती दुसरीकडची मोडतोड ठरते.

एकाच पानावर दोन प्रकारचे समास हवे असल्यास खूण ‘सलग’ प्रकारची घालावी. तसे केल्यास डावा व उजवा समास पानाच्या मध्यावरही बदलू शकतो; कागद उभ्याचा आडवा मात्र अर्ध्या पानावर होणे शक्य नाही, त्यासाठी नवे पानच लागते. ‘लिब्रेऑफिस’ या मुक्त प्रणालीत मार्ग थोडा निराळा आहे. तेथे समास पानाच्या शैलीत नोंदलेले असतात आणि मजकूर एका शैलीतून दुसरीत जातो. समासाचे नियम तेथे एका नावाखाली एकत्र दिसतात, म्हणून नवख्याला ही रीत अधिक उलगडून सांगता येते.

वस्तुतः ज्यांना निराळा समास हवा असतो, त्यांतील बहुतेकांना तो नकोच असतो. एखादे अवतरण किंवा मुळाखालील टीका दोन्ही बाजूंनी आत घ्यावयाची असेल, तर ते काम परिच्छेदाच्या आतओढीचे आहे. समास तोच राहतो व परिच्छेद तेवढा त्याच्यापासून मागे सरतो. एवढ्यासाठी विभाग पाडणे म्हणजे खोलीत पाट मांडावयाचा म्हणून भिंत बांधण्यासारखे आहे. कागद फिरवावयाचा असेल, बांधणीची बाजू बदलत असेल, शीर्षक किंवा पृष्ठांकांची मालिका निराळी हवी असेल, तरच विभाग पाडावा.

आता ताडपत्रांची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठवण्याची कामे अनेक ठिकाणी चालतात. छायाचित्र घेताना पानाच्या चारही बाजूंस थोडी पार्श्वभूमी दिसेल एवढी जागा सोडावी लागते. कड दिसली नाही तर पान तेथे संपते की चित्र तेथे कापले गेले, हे पुढच्या अभ्यासकास कळत नाही. चित्र आटोपशीर दिसावे म्हणून अक्षरांच्या लगत कापण्याचा मोह होतो. तसे कापले की प्रथम जातो तो डावा समास, आणि त्याच्याबरोबर तेथे कोरलेला पानाचा क्रमांक.