रोजेदाराच्या कढईतला याकिसोबा

रमजान सुरू झाला की लोणावळ्याच्या बाजारात संध्याकाळी खजूर, कलिंगड, पपई, भजी, समोसे यांच्याभोवती गर्दी दिसते. ही इफ्तारची ओळखीची थाळी. पण हल्ली घरातल्या मुलांची आणखी एक मागणी असते, ती म्हणजे नूडल्स. चायनीजच्या गाडीवरची चव त्यांना घरच्या दस्तरखानावर हवी असते. मोठी माणसं कुरकुरतात. सुमारे तेरा तास रिकाम्या राहिलेल्या पोटात ते लालभडक, तिखट, तेलकट कशाला? शिवाय मांस कुठलं, सॉसमध्ये काय घातलंय, हे कोण पाहतं? दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचं निरसन करणारा नूडल्सचा एक प्रकार थेट ब्राझीलमध्ये रुळलेला आहे. त्याचं नाव याकिसोबा.

नाव जपानी आहे. ‘याकी’ म्हणजे भाजलेलं, परतलेलं आणि ‘सोबा’ म्हणजे मुळात कुट्टूच्या पिठाच्या शेवया. प्रत्यक्षात याकिसोबात गव्हाच्याच नूडल्स असतात आणि तो जपानात आला चिनी स्वयंपाकातून. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी संपली, कॉफीच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज ७८१ जपानी माणसांना घेऊन सांतोस बंदरात पोहोचलं. मळ्यांत राबायला आलेल्या या माणसांच्या पाठोपाठ आणखी हजारो आले. पुढे साओ पावलो शहराची लिबरदादे वस्ती जपान्यांची म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्यांच्या स्वयंपाकघरानं नव्या मुलुखाशी जुळवून घेतलं. तिथे सोया सॉसही मक्याच्या साथीनं बनू लागला. याकिसोबात फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर, कोबी, गोमांस, कोंबडी असं सगळं आलं आणि वर कॉर्नफ्लॉवरनं दाट केलेला तपकिरी रस्सा. आज हा पदार्थ ब्राझीलच्या रस्त्यारस्त्यावर मिळतो. अरब स्थलांतरितांनी नेलेले किब्बे आणि एस्फिहाही तिथे असेच घरचे झाले आहेत. हलाल कोंबडीच्या निर्यातीत तर ब्राझील जगात आघाडीवर आहे.

गाडीवरच्या आपल्या हक्का नूडल्स कोरड्या, चिली सॉस आणि व्हिनेगर घातलेल्या. ब्राझीलचा याकिसोबा रसरशीत आणि सौम्य, त्यात निम्मी तरी भाजी. रोजा सोडल्यावर पोटाला हेच मानवतं. या दिवसांत कोबी, फ्लॉवर, गाजर, ढोबळी मिरची मंडईत सहज मिळतात. ब्रोकोली मिळाली तर घ्यावी, नाही तर फ्लॉवर थोडा जास्त. मांसासाठी आपल्याकडे बोनलेस चिकन उत्तम.

चार-पाच जणांसाठी ३०० ग्रॅम नूडल्स घ्या. ३०० ग्रॅम चिकनच्या पातळ पट्ट्या करून त्यांना एक मोठा चमचा सोया सॉस, आलं-लसूण, मिरपूड आणि एक चहाचा चमचा कॉर्नफ्लॉवर लावून ठेवा. एक कांदा, दोन गाजरं, एक ढोबळी मिरची, पाव कोबी आणि फ्लॉवरचे वाटीभर तुरे चिरून घ्या. गाजराची टोकं आणि कोबीचे दांडे फेकू नका. ते पाण्यात उकळून गाळलं की दीड कप भाजीचं पाणी मिळतं. ते गार झालं की त्यात तीन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर आणि चहाचा एक चमचा साखर कालवा. ही सगळी तयारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजनंतर निवांत होते. नूडल्स थोड्या कच्च्या असतानाच उतरवून गार पाण्याखाली धरा आणि तेलाचा हात लावून ठेवा.

खजूर आणि पाण्यानं रोजा सोडून मगरिबची नमाज झाली की कढई मोठ्या आचेवर ठेवा. आधी नूडल्स जरा कडक होईपर्यंत परतून ताटात काढा. मग गाजर आणि फ्लॉवर, दोन मिनिटांनी कांदा, कोबी, ढोबळी मिरची. भाजी करकरीत असतानाच कालवलेला रस्सा पुन्हा ढवळून ओता. तो चकाकू लागला, दाट झाला की नूडल्सवर घाला. चिकन दुसऱ्या कढईत परतून, आतपर्यंत शिजल्याची खात्री करून, सर्वांत शेवटी वर पसरा. पंधरा-वीस मिनिटांत जेवण तयार.

मीठ कुठे आलं, असा प्रश्न पडेल. ते वेगळं घालायचंच नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण दोन ग्रॅमच्या वर मीठ असतं. चार चमच्यांत सगळ्यांना पुरेसं झालं. वर आणखी घातलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी तहानेनं जीव कासावीस होतो.

रमजानमध्ये रांधणाऱ्याला दिवसा चव घेता येत नाही, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. विनाकारण पदार्थ चाखणं रोजात मकरूह, म्हणजे नापसंत मानलं जातं. गरज पडली तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची मुभा आहे, पण घशाखाली काही जाता कामा नये. म्हणून आपल्या घरांतल्या बायका महिनाभर हाताच्या अंदाजावर रांधतात. नव्या पदार्थाला मात्र हाताचा अंदाज नसतो. तिथे मापाचा चमचा बरा. नाही तर रोजा न ठेवणाऱ्या लेकराला किंवा शेजारच्या काकूंना हाक मारावी. रोजेदाराच्या घरचं मीठ शेजारणीनं चाखून सांगावं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

दुसरी शंका सॉसची. सोया सॉस आंबवताना त्यात थोडा मद्यार्क तयार होऊ शकतो, काही बाटल्यांत तो वेगळाही घातलेला असतो. बाटलीवरचे घटक वाचावेत आणि तरीही मनात किंतु राहिला तर आपल्या आलिमांना विचारावं.

आणि शेजाऱ्यांचं काय? चिकन वेगळ्या कढईत ठेवण्याचं आणि रस्सा भाजीच्या पाण्यात करण्याचं कारण तेच. अंडं नसलेल्या नूडल्स आणल्या आणि शाकाहारी वाटा स्वच्छ भांड्यात आधी काढून ठेवला, तर तो निःशंकपणे शेजारी देता येतो. मांस शिजणाऱ्या स्वयंपाकघरातलं काहीच न खाणारे शेजारीही असतात. त्यांना खजूर आणि फळं पाठवावीत. कुणाचा नेम सांभाळून पाठवलेलं ताट अधिक गोड लागतं. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. एका दिवशी श्रीखंड इकडे आलं, दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा तिकडे गेला. तो शीरखुर्मा ज्या शेवयांचा, त्या गव्हाच्याच. उन्हाळ्यात आपल्या अंगणांत वाळणाऱ्या शेवयाही गव्हाच्याच. नूडल्स त्याच घराण्यातल्या, जरा लांबून आलेल्या.

ब्राझीलची एक रीत मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे चर्च, शाळा आणि जपानी मंडळं निधी उभारायचा असला की याकिसोबा करतात. कुपनं आधी विकतात, ठरलेल्या दिवशी मोठाल्या कढया चढतात, लोक डबे भरून घरी नेतात आणि उरलेला पैसा कामाला लागतो. ईदच्या नमाजपूर्वी आपण फित्रा काढतो. त्याचा हिशेबही गव्हातच होतो, दरडोई साधारण पावणेदोन-दोन किलो गहू किंवा त्याची किंमत. हेतू एवढाच, की ईदच्या दिवशी कुणाची चूल थंड राहू नये. त्याच्या जोडीला, फित्र्याला हात न लावता, मोहल्ल्यातल्या तरुणांनी रमजानमधल्या एखाद्या रविवारी अशी कढई चढवली तर?

कामशेत, मळवली, वडगावहून लोकलनं कॉलेजला येणारी कितीतरी मुलं परीक्षेची फी भरताना अडखळतात. त्यात रोजेदार असतात, माळकरी घरातली असतात, दोन्ही नसलेलीही असतात. वर्गात शिकवताना चेहऱ्यांवरून ते कळत नाही आणि फी भरतानाही कळायची गरज नाही. दोन कढया लागतील, एक मांसाची आणि एक भाजीची. कोबी चिरायला हात मात्र सगळ्यांचे चालतील.