मुलांना १९१७ सालची गोष्ट सांगा

जयंतीला आपण मुलांकडून बाबासाहेबांच्या पदव्या पाठ करून घेतो. पण दहावीत नापास होऊन घरी बसलेल्या पोराला त्या पदव्यांनी धीर येत नाही, हे आम्ही वस्त्यावस्त्यांत पाहिले आहे. त्याला १९१७ साल सांगा. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. त्यांना देव्हाऱ्यात बसवले तर मुले नुसते हात जोडतील. बांधवांनो, ही गोष्ट ऐकलेले पोर मात्र पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरेल. जय भीम!