चमचाभर विरजण

डोंबिवलीतल्या भाड्याच्या घरात आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी आईने रीतीप्रमाणे सगळ्यात आधी गॅसवर दूध ठेवलं आणि उतू घातलं. मग दिवसभर गोणी सोडणं, झाडणं, पुसणं. दिवेलागणीला उरलेलं दूध पाहून तिच्या लक्षात आलं की घरात विरजण नाही. भांडी अजून गोणीतच होती, म्हणून ती रिकाम्या हातानेच शेजारी गेली आणि मी तिच्या मागे. दार उघडणाऱ्या काकूंना आम्ही कोण हेही माहीत नव्हतं. "विरजण मिळेल का हो थोडं?" आईने विचारलं. काकूंनी देवापुढच्या दिव्याकडे पाहिलं. तिन्हीसांजेला दही आणि मीठ घराबाहेर देऊ नये, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आईलाही. क्षणभर थांबून काकू म्हणाल्या, "अहो, विरजण म्हणजे काही दही नव्हे," आणि आत गेल्या.

स्टीलच्या वाटीत चमचाभर विरजण आलं. वाटीच्या कडेला त्यांच्या यजमानांचं नाव आणि कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली होती. सकाळी आमच्याकडे पातेलंभर दही लागलं होतं.

त्या चमच्यात काय काय होतं हे मला पुष्कळ वर्षांनी, वाचनातून कळलं. चांगल्या लागलेल्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये सहज दहा कोटी जिवाणू असतात. म्हणजे लहान चमच्यात पन्नास कोटी, भारताच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. घरोघरच्या दह्यात नाना जातींची बिऱ्हाडं असतात, पण शास्त्रज्ञांनी ज्या जोडीचा सगळ्यात बारकाईने अभ्यास केला ती योगर्टमधली. एकाचं नाव स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. दुसऱ्याच्या नावात बल्गेरिया आहे, कारण स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यात तो शोधला. हे दोघे सख्खे शेजारी, आणि त्यांची देवघेव पाहण्यासारखी आहे.

कोमट दुधात पडल्यावर आधी पहिला कामाला लागतो. तो दुधातला प्राणवायू संपवतो, फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. त्याच्या दृष्टीने हा कचरा, पण दुसऱ्याला वाढायला नेमकं तेच हवं असतं. दुसऱ्याकडे दुधातली प्रथिनं तोडायची हत्यारं असतात. त्याने तोडलेले बारीक तुकडे आणि अमिनो आम्लं इकडेतिकडे पसरतात आणि त्यांवर पहिला पोसतो. एकेकटे ठेवले तर दोघेही रेंगाळतात, एकत्र आले की भराभर वाढतात. यात दया नाही, हेतू नाही, मेंदूच नाही तर हेतू कुठला! तरी एकाच्या घरची सांडलवंड दुसऱ्याच्या घरचं जेवण होते, आणि हे रोज रात्री आपल्या ओट्यावर झाकणाखाली चालू असतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढचं काम आम्लाचं. दुधात केसिन नावाच्या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दूध पातळ राहतं. जिवाणू दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करू लागले की हा भार उतरत जातो. आम्लता ठरावीक टप्प्याला पोचली, म्हणजे पीएच ४.६च्या आसपास आला, की इतका वेळ फटकून राहिलेले गोळे एकमेकांना धरून जाळं विणतात आणि पाणी, साय सगळं त्यात अडकतं. हे अर्धवट झालं तर अदमुरं दही. जाळं विणलं जात असताना पातेलं हलवलं, तर दही फुटतं. विरजण लावल्यावर भांड्याला हात लावायचा नाही, ही आज्जीची शिस्त यासाठी.

आता हिशोब पाहा. अर्धा लिटर दूध म्हणजे शंभर छोटे चमचे. एका चमच्याचे शंभर व्हायला जिवाणूंना फक्त सात वेळा दुप्पट व्हावं लागतं: दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. रात्र त्यासाठी पुरून उरते. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक चमचा नव्या दुधात. असं पाच-सहा दिवस केलं की काकूंच्या मूळ चमच्यातलं काही आमच्या पातेल्यात शोधूनही सापडलं नसतं. दही मात्र त्यांच्याच घराण्यातलं.

काकूंनी दिला एक चमचा आणि आम्हाला मिळालं पातेलं. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चमचा असतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पातेलं, आणि हा फरक दह्यापुरता नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी तो चक्क मोजला. त्यांचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिकागोतल्या एका बागेत, कडाक्याच्या थंडीत, बर्फावर स्केटिंग करायला आलेल्या लोकांना त्यांनी गरम चॉकलेटचा पेला देऊ केला. हवा तर स्वतः प्या, नाहीतर इथल्या कुणा अनोळखी माणसाला द्या. ८४पैकी ७५ जणांनी तो देऊन टाकला. याचंच मला आधी नवल वाटलं, पण खरी गंमत पुढे आहे. देणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला हे केवढं वाटेल? त्याला किती बरं वाटेल? मग घेणाऱ्यांनाही तेच विचारलं. देणाऱ्यांचा अंदाज सरळसरळ कमी पडला.

का पडला, हे त्यांनी कपकेक वाटून शोधलं. काही जणांना तो प्रयोगात भाग घेतल्याबद्दल मिळाला, काही जणांना कुणीतरी आपणहून दिला म्हणून. केक तोच. पण आपणहून दिलेला मिळाला ते जास्त खूश होते. देणाऱ्यांना हा फरक आधी अंदाजात पकडताच आला नाही. ते केक मोजत होते. आपल्याकडे ही चूक इतकी मुरलेली आहे की कुणी आभार मानले की आपण ओशाळून म्हणतो, "त्यात काय एवढं!" ही नम्रता आहे असं मी समजत असे. आता वाटतं, निम्म्या वेळा ते खरंखुरं अज्ञान असतं.

त्याच संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली. कुणा सहभागी माणसाने आपणहून दिलेली छोटी भेट मिळालेल्यांना आणि तीच भेट थेट संशोधकांकडून मिळालेल्यांना, दोन्ही गटांना १०० डॉलर एका तिऱ्हाइताबरोबर वाटून घ्यायला सांगितलं. पहिल्यांनी त्या तिऱ्हाइताला सरासरी ४८ डॉलर दिले, दुसऱ्यांनी ४१. भेट देणाऱ्याचा या वाटपाशी काही संबंध नव्हता. त्याचा चमचा तिसऱ्याच दुधात पडला होता.

मराठीने मात्र विरजणावर अन्याय केला आहे. उत्साहावर विरजण पडतं, बेतावर विरजण पडतं. दूध नासणं आणि दही लागणं यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण वाक्प्रचार करणाऱ्याने तो पाहिला नाही. बहुधा त्याला स्वतःला कधी दही लावायची पाळी आली नसावी.

शेजाऱ्यांचं एक बरं असतं, वाटी परत जाते. आईने काकूंची वाटी चार दिवसांनी दिली, अर्थातच रिकामी नाही, तीत बेसनाचा लाडू होता. मग ती पुन्हा आली तळलेल्या सांडग्या मिरच्या घेऊन. अशा परतफेडीच्या परोपकाराचा सिद्धान्त रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली मांडला, आणि १९८४मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकातल्या रक्तपिपासू वटवाघळांत ही देवघेव दाखवली. दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर हे वटवाघूळ मरतं, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ ओळखीच्या भुकेल्याला आपल्या पोटातलं रक्त उलटून भरवतं. आज तुझी वाटी, उद्या माझी.

पाणपोईवर पाणी पिणारा मात्र काय परत करणार? चैत्र लागला की कुणीतरी कोपऱ्यावर रांजण मांडतं, त्याला ओलं फडकं गुंडाळतं, पाण्यात वाळ्याची जुडी सोडतं, साखळीला पेला बांधतं. मातीच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, म्हणून ऊन वाढलं तरी ते गार राहतं. पिणारा रिक्षावाला पेला उलटा ठेवतो आणि निघून जातो. रांजण सकाळी कोण भरतं, हे त्याला माहीत नसतं. भरणाराही तिथे उभा नसतो.

अनोळख्यासाठी थांबणं मनाच्या मोठेपणावर अवलंबून असतं, असा आपला समज. प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वेगळंच सांगतो. विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून पडलेला, खोकत होता. काहींच्या भाषणाचा विषयच मुळी बायबलमधली कथा होती, वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या भल्या शोमरोन्याची. विषयाने फारसा फरक पडला नाही, घाईने पडला. हाताशी वेळ होता त्यांच्यातल्या ६३ टक्क्यांनी मदत केली, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी, आणि उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी अवघ्या १० टक्क्यांनी. काही जण तर त्या माणसाला ओलांडून, परोपकारावर बोलायला गेले. मी हे वाचलं तेव्हा हसलो. मग ८:०७ची लोकल पकडायला धावताना मी काय काय ओलांडलं असेल, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

विरजण मागायला आता कुणी येत नाही. खाली दुकानात पिशवीतलं दही मिळतं. मिरचीची देठं दुधात टाकूनही दही लागतं, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

डोंबिवलीला मात्र ते दही आमच्याकडे अनेक वर्षं चालू होतं. एकदा काकू महिनाभर मुलीकडे गेल्या. परत आल्या त्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात तीच मुंजीची वाटी. फ्रिज बंद करून गेल्या होत्या, विरजण राहिलं नव्हतं. आई म्हणाली, "अहो, तुमचंच आहे की ते." देवापुढे दिवा लागला होता, पण त्याकडे दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. काकूंनी वाटी घेतली, करंगळीने चव पाहिली आणि जिना चढता चढता म्हणाल्या, "जरा आंबट करून ठेवलंत हो."