उन्हाळ्याची मौज आणि आमची बाजारपेठ

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला गेलेली आमच्या बीड जिल्ह्यातील माणसे गावी परततात. बाजारपेठेचा उन्हाळा खरा तेव्हाच सुरू होतो. शाळांना सुट्ट्या, घरोघरी पाहुणे, लग्नांची धांदल. पिंजाऱ्याला गाद्यांचे काम मिळते, रसवंतीवर घुंगरू वाजू लागतात. (कलईवाल्याचे दिवस मात्र स्टीलच्या भांड्यांनी नेले.) 2016 च्या दुष्काळात टँकरपुढे रांगा होत्या, तरी ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ वाजले नाही अशी त्या मे महिन्यातली वरात आम्हांला आठवत नाही.

पण उन्हाळ्याची चव आमरसात, आणि ती आमच्या बागवान बांधवांच्या हाती. मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. आढीत आंबा पिकायला आठवडाभर तरी थांबावे लागते. घाईने कॅल्शियम कार्बाइडची पुडी टाकली की साल पिवळी होते, आत फळ आंबटच राहते. शिवाय कार्बाइडला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पण त्यासाठी बंद खोली आणि भांडवल हवे. एकट्या हातगाडीवाल्याने ते कोठून आणावे? चार-पाच जणांनी मिळून खोली उभारावी, असे आम्हांला वाटते. सहा महिने ऊस तोडून आलेला बाप मुलांसाठी दोन किलो आंबे नेतो. ते आंबट निघाले, तर पुढच्या आठवडी बाजारी तो दुसऱ्या गाडीवर उभा असतो.