विंचवाचे विष आणि वेदनेचे शास्त्र

आमच्या बारामती-इंदापूरकडील मुरमाड रानात विंचू हा काही अपरिचित पाहुणा नव्हे. रचलेली वीट उचलावी, जळणाचा भारा सोडावा, किंवा अंधारात जोड्यात पाय घालावा, की त्याची गाठ पडते. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वृश्चिकांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे वर्ग केले आणि महाविष वृश्चिकाचा दंश प्राण घेतो असे स्पष्ट सांगितले. तथापि लौकिकात विंचू म्हणजे केवळ असह्य वेदना, हाच समज दृढ राहिला. रोगी कळवळू लागला की मांत्रिकास बोलवावे, आणि वेदना उतरली की विष उतरले असे मानावे, ही जुनी रीत. हा समज किती घातक आहे हे ज्यांनी रोग्याच्या उशाशी बसून शोधून काढले, त्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कार्याचा परिचय वाचकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

बावस्करांचा जन्म १९५१ साली जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. नागपूरास वैद्यकाची पदवी मिळवून ते १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाचा सुळसुळाट. दंश झालेली मुले रात्री-अपरात्री तेथे आणली जात, आणि त्यांपैकी पुष्कळ हाती लागत नसत. गंभीर दंशाच्या रोग्यांत शंभरांपैकी तीस-चाळीस दगावत. ना मोठे रुग्णालय जवळ, ना यंत्रसामग्री. या तरुण डॉक्टराने मग एकच साधन हाती घेतले, ते म्हणजे टिपणवही. रोग्याजवळ रात्रभर बसावे आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद करीत जावे, असा क्रम त्यांनी चालविला.

या नोंदींतून विलक्षण गोष्ट पुढे आली. जो रोगी वेदनेने आक्रोश करतो, परंतु ज्याचे हातपाय उबदार आहेत, त्याच्या जिवास बहुधा धोका नसतो. उलट ज्यास दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात, तोंडास लाळ सुटते, हातपाय गार पडतात, त्याची वेदनेची तक्रार कमी असली तरी तोच मृत्यूच्या छायेत असतो. पुढे त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरते व गुलाबी फेस येतो. हे वादळ ओसरू लागले की अंगात ऊब परतते, आणि दंशाच्या जागची वेदना पुन्हा जाणवू लागते! रोगी कण्हू लागला म्हणून डॉक्टराने निःश्वास टाकावा, असा प्रसंग वैद्यकात विरळाच.

याचे कारण मज्जातंतूंच्या रचनेत आहे. आम्ही संस्कृताचे अभ्यासक, तेव्हा हा भाग आमच्या परीने सांगतो. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडून मिटली की एक संदेश पुढे जातो. विंचवाचे विष ही दारे नीट मिटू देत नाही. त्यामुळे संदेशांचा भडिमार सुरू होतो. वेदनेच्या तंतूंत तो झाला तर आग उठते. हृदय व रक्तवाहिन्या यांवर सत्ता चालविणाऱ्या तंतूंत झाला तर अ‍ॅड्रेनलिन व तज्जातीय द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. दंशाच्या जागी डॉक्टर बधिरतेचे जे लिग्नोकेन टोचतात, ते हीच दारे बंद करते. वेदना त्याने शमते, परंतु हृदयावरील संकट टळत नाही.

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एम. डी. होऊन बावस्कर पुन्हा कोकणातच परतले, हे आम्हांस विशेष वाटते. १९८२ साली त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या प्रख्यात नियतकालिकात आली. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे, रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी योजिले व १९८६ साली त्याचा वृत्तांत तेथेच प्रसिद्ध केला. मृत्यूचे प्रमाण शेकडा एक-दोनपर्यंत उतरले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी पुढे महाडास ७० रोग्यांवर रीतसर तुलना केली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८. हा निबंध २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २०२२ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

त्याच सोडियमच्या दारांवर दूरदेशीही शोध चालला होता. अमेरिकेच्या वाळवंटातील एक उंदीर विंचवास खुशाल खातो. त्याच्या वेदनातंतूंतील एक दार विषाने उघडे राहण्याऐवजी बंदच होते, असे २०१३ साली आढळले. माणसाच्या अंगातील त्याच जातीचे दार अडविणारे सुझेट्रिजिन नावाचे वेदनाशामक अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्य झाले; त्यास अफूच्या औषधांसारखे व्यसन जडत नाही असे सांगतात.

गृहिणींसाठी एवढेच लिहितो. विंचू चावलेल्या मुलाची वेदना कमी झाली म्हणून त्यास निजवू नये. त्याच्या कपाळावर घाम आहे काय आणि तळवे गार आहेत काय, हे हाताने पाहावे. तसे असल्यास रात्र असो, पाऊस असो, गाडी जोडून थेट सरकारी दवाखाना गाठावा.