स्कूबा डायव्हिंगला जायचे, पण कोठे?

गेल्या काही वर्षांत आपल्या कळंबमध्ये एक नवे वेड आले आहे. डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे, असा पाण्याखालचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलवर येतो आणि घरात विषय निघतो, "आपणही जाऊ की एकदा." जरूर जावे. समुद्राचा तळ पाहणे ही काही पैसेवाल्यांचीच मिरास नाही. पण फोटो पाहून जागा ठरवू नये. ज्यांची सुट्टी तीन-चार दिवसांची, पैसा महिन्याकाठी थोडा थोडा बाजूला काढलेला आणि घरातल्या निम्म्या माणसांना पोहता येत नाही, अशा कुटुंबाने जागा कशी निवडावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी लांबच्या जागा बाजूला काढू. अंदमानचे स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, तेथील पाणी नितळ आहे यात वाद नाही. परंतु विमान, मग जहाज, येण्याजाण्यातच सुट्टी संपते. लक्षद्वीपला तर प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. कर्नाटकात मुरुडेश्वरपासून सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात नेत्राणी नावाचे बेट आहे. पाणी स्वच्छ, मासे भरपूर, पण उघड्या समुद्रातून जायचे आणि तितकेच परत यायचे. ज्याला बोट लागते त्याचे मासे पाहणे राहून जाते. गोव्याला वास्कोजवळ ग्रँड आयलंड आहे, तेथे बुडालेल्या जहाजाचे अवशेषही पाण्याखाली आहेत. जागा चांगली, मात्र गोव्यातील राहण्याखाण्याचा खर्च धरूनच बेत करावा.

राहिले आपले मालवण. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या कुटुंबासाठी माझे मत मालवणलाच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २९.१२ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र आहे. खडक, त्यांवर वाढलेली प्रवाळे आणि त्यांच्या आडोशाने राहणारे मासे किनाऱ्यापासून फार लांब नाहीत. नवख्यांना नेतात ती खोलीही बेताची असते. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगायचे तर चार-पाच परसाच्या आतले काम. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून २०११ नंतर तेथील कोळी घरांतल्या मुलांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचे शिक्षण मिळाले. आपण दिलेला पैसा अशा कष्टकरी घरांत जातो, हेही पाहण्यासारखे आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तेथे शिकण्यासाठी खोल तलाव बांधलेला आहे. ज्याला समुद्राची फार भीती वाटते त्याने तेथे चौकशी करावी.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. वॉटर स्पोर्टसाठी तेथे गर्दी असते, पण नदीच्या मुखाशी पाणी गढूळ असते हे आपल्याला सांगायला नको. मासे पाहायचे असतील तर किल्ल्याकडचे खडक बरे. निवतीकडचे खडक खोल आणि लांब. ते शिकलेल्यांसाठी सोडावेत.

जागेइतकाच महत्त्वाचा दिवस. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद ठेवतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात निवळ. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळावा, कारण गर्दीत प्रत्येकाला घाईने खाली नेऊन घाईने वर आणतात. जानेवारीत शनिवार-रविवार सोडून दोन दिवसांची रजा टाकलेली परवडते. आणखी एक बाब फारसे कुणी सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते. पाण्याला ओढ जास्त आणि तळ ढवळलेला. अष्टमीच्या सुमारास कोकणातले लोक ज्याला भांग म्हणतात ती मंद भरती-ओहोटी असते. पौर्णिमा आपल्या घरांत कॅलेंडरवर आधीच पाहिलेली असते, तिच्यापुढे सात-आठ दिवस मोजावेत आणि रजेचा अर्ज त्याप्रमाणे लिहावा.

जाण्याची वाट कोल्हापूरवरून सोयीची. बार्शीहून रेल्वेने कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती याच रुळांवरून. पुढे कोल्हापूरहून एसटीने फोंडा घाट उतरून कणकवली आणि मालवण. एसटीत २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे बायका-मुली असलेल्या घराचा खर्च बराच खाली येतो. सरकारी नोकरांनी महाराष्ट्र दर्शनाची सवलत शिल्लक आहे का, हे आस्थापना शाखेत विचारून घ्यावे. अनेकांची ती न वापरताच जाते.

आता जिवाचा विषय. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. हा अपघात पाण्याखाली झालेला नाही, परतीच्या बोटीत झाला, आणि तोही हंगामाच्या अगदी शेवटच्या दिवसांत. म्हणून मासे किती दिसतात हे विचारण्याआधी बोट पाहावी. बोटीवर माणसे मोजकी आहेत का, प्रत्येकाला, लहान मुलालासुद्धा, त्याच्या मापाचे लाईफ जॅकेट आहे का, आणि ते परतताना अंगावर ठेवू देतात की जाताजाताच गोळा करतात, हे बघावे. प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र असते, ते दाखवा म्हणायला लाजू नये. एक प्रशिक्षक एका वेळी किती नवख्यांना घेऊन उतरतो, हाही प्रश्न विचारावा. एकाला एक हेच उत्तर हवे. गुळमुळीत उत्तर आले तर पुढच्या दुकानी जावे. रोख पैसे देण्याआधी बोटभाडे, फोटो-चित्रीकरण, कपडे बदलण्याची जागा यातले काय धरले आहे आणि प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटे, हे स्पष्ट करून घ्यावे. नाहीतर अर्धा दिवस जातो आणि खाली दहा मिनिटे मिळतात.

आपल्याकडे पोहणे म्हणजे विहिरीतले. पाठीला डबा बांधून शिकलेला पोरगा पुढे मुटका मारतो आणि श्वास कोंडून तळाची माती वर आणतो. ही विहिरीची सवय स्कूबात घातक आहे. पाठीवरच्या टाकीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते. दहा मीटर खाली पाण्याचा दाब दुप्पट होतो आणि तेथे छातीत घेतलेली हवा वर येताना फुगून दुपटीने जागा मागते. श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुसाला इजा होते. म्हणून खाली असेपर्यंत श्वास घेणे-सोडणे थांबवायचे नाही. पट्टीचा पोहणारा येथे कधी कधी चुकतो आणि कधी पाण्यात न उतरलेली त्याची बहीण सांगितले तसे वागून नीट फिरून येते. कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे, तरीही दुखले तर वर यायचे. अंगठा वर करणे म्हणजे आपल्याकडे "मस्त", पण तेथे त्याचा अर्थ "मला वर न्या". सारे ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवावा. झुपकेदार मिशांतून मास्कमध्ये पाणी शिरते, तेव्हा मिशीवाल्यांनी आपले आपण ठरवावे.

सर्दी असताना, गरोदरपणात, दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेली असताना उतरू नये. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून निघावे. तेथे भरून घेतात त्या अर्जावर आजार लपवू नये. दहा वर्षांखालील मुलांना टाकी लावू नये, त्यांना किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मास्क लावून मासे दाखवावेत.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. पुरुष आणि मुलगे पाण्यात उतरतात आणि आई, बहीण, सून किनाऱ्यावर पिशव्या आणि चपला राखत बसतात. निमित्त असते कपड्यांचे. स्कूबासाठी अंगाबरोबर बसणारा जाड पोशाख तेथेच मिळतो, आत सलवार-कुर्ता किंवा लेगिन्स चालते. साडी मात्र चालत नाही. म्हणून केंद्र निवडताना बायकांसाठी दार लागणारी स्वच्छ खोली आणि शौचालय आहे का, ही चौकशी फोनवरच करावी, आणि ती घरातल्या बाईने करावी. पिशव्या मुक्कामाच्या खोलीवर कुलूप लावून ठेवता येतात.

डायव्हिंग शेवटच्या दिवसावर ढकलू नये. पाण्यातून वर आल्यावर शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. एका बुडीनंतर विमानात बसायला किमान १२ तास थांबावे, असा संकेत आहे. आपण विमानाने जात नाही हे खरे, पण मालवण समुद्रसपाटीला आणि कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, मध्ये घाट. त्यामुळे पहिल्या दिवशी पोचून विश्रांती, दुसऱ्या दिवशी सकाळी डायव्हिंग, संध्याकाळी रॉक गार्डन किंवा बाजार, आणि तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग दाखवावा. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला हा किल्ला आहे. पायऱ्या फार नाहीत, पण ऊन लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे.