वाटेत दुबई: ऐकीव किती, खरं किती

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत किंवा कळमनुरीच्या आईवडिलांना डॅलसच्या लेकाकडे जायचं म्हटलं की रस्ता जवळजवळ ठरलेला असतो. आधी नांदेड, तिथून मुंबई किंवा हैदराबाद, आणि मग आखातातलं एखादं शहर: दुबई, दोहा नाहीतर अबुधाबी. विमान तिथं बदलायचंच आहे, तर दोन दिवस उतरा, बुर्ज खलिफा बघा, असं लेक फोनवर सुचवतो. मग सल्ले सुरू होतात. कुणाचा भाचा शारजात नोकरीला आहे, कुणाची मुलगी दहा वर्षं दोह्यात आहे. त्यांच्या हवाल्यानं जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा खरंच असतं, पण ते तिथं राहणाऱ्यांपुरतं. दोन दिवस थांबणाऱ्याची अंगाची सवय वेगळी, कागद वेगळे आणि कस्टमचे नियमही वेगळे. बरेचसे गैरसमज या एकाच फटीतून आत येतात.

"आपण हिंगोलीचे, आपल्याला उन्हाचं काय?"

औंढा नागनाथच्या देवळात मेच्या दुपारी तापल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातलेल्या माणसाला ४१ अंशांची भीती कशी घालणार? दुबईचं जुलै-ऑगस्टमधलं दिवसाचं तापमान साधारण तेवढंच असतं. आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ ला सहज टेकतो. आकडा आकड्याशी ताडला तर आपणच वरचढ.

पण आपलं मेमधलं ऊन कोरडं असतं. दोरीवर टाकलेलं धुणं बघता बघता वाळतं, तसाच अंगावरचा घामही वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. दुबई आणि दोहा वाळवंटातली शहरं खरी, पण दोन्ही समुद्राला चिकटलेली आहेत. आखात उथळ आहे. ऑगस्टमध्ये त्याचं पाणीच ३२-३३ अंशांपर्यंत तापतं आणि हवेत भरपूर बाष्प सोडतं. अशा हवेत घाम येतो, पण वाळत नाही. नुसता वाहतो, आणि शरीर तापतच राहतं. ८ जुलै २००३ रोजी सौदी अरेबियाच्या आखाती किनाऱ्यावर दहरान इथं दवबिंदू ३५ अंशांवर नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत दमट हवेच्या नोंदींत ती पहिल्या ओळीतली आहे, आणि ती जंगलातली नाही, वाळवंटाच्या काठावरची आहे.

दुसरी गोष्ट रात्रीची. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकलं की पहाटेपर्यंत जीव निवतो. दुबईत ऐन उन्हाळ्यात रात्रीचं किमान तापमानही सरासरी ३० अंशांच्या आसपास असतं आणि दमटपणा दिवसापेक्षा वाढतो. म्हणून "संध्याकाळी फिरू, तेव्हा गार असेल" हा बेत तिथं फसतो. दिवस मावळल्यावर डोक्यावरचं ऊन जातं, हवेतली उष्णता जात नाही.

"पण भाचा तर तिथं वर्षानुवर्षं राहतो!" राहतो, कारण शरीराला नव्या हवेशी जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि त्याला ते मिळालेले असतात. दोन दिवसांच्या पाहुण्याला मिळत नाहीत. त्यातही परतीच्या वाटेवर थांबणाऱ्या आजी-आजोबांनी सहा महिने अमेरिकेतल्या वातानुकूलित घरात काढलेले असतात. हिंगोलीच्या उन्हाची सवय काही आठवड्यांतच उतरते, ती इतके दिवस अंगात शिल्लक राहत नाही. आणि सवय असलेल्यांनाही तिथलं सरकार उन्हात सोडत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरी करून घ्यायला बंदी आहे. कतारमध्ये तर १ जूनपासूनच, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. बांधकामावरच्या तरण्या गड्यांसाठी जो नियम आहे, तो सत्तरीच्या आजोबांनी आपण होऊन पाळायला काय हरकत?

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना हा थांबा आवर्जून सांगावा. विमानात पाणी कमी पिणं, त्यावर ही गोळी आणि वर दमट उष्मा, हे तिन्ही एकत्र आलं की चक्कर येते. ओआरएसची पाकिटं हातातल्या पिशवीत हवीत, सामानात गेलेल्या बॅगेत नकोत.

नोव्हेंबर ते मार्च मात्र मोकळेपणानं फिरावं. जानेवारीत दिवसा २४-२५ अंश, पहाटे १४-१५. तेव्हा शाल लागते. उन्हाळ्यातच जायचं असेल तर मेट्रो, मॉल, संग्रहालयं एवढाच बेत धरा. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर १०० दिरहम दंड आहे, तेव्हा नातवाच्या हातातला बिस्किटाचा पुडा आधी आत.

"विमान तिथंच थांबतं, म्हणजे बाहेरही जाता येतं"

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, कारण त्याचा निकाल विमानतळावरच्या खिडकीशी लागतो.

विमानतळाच्या आतच राहून पुढचं विमान धरायचं असेल आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर दुबईत भारतीयांना व्हिसा लागत नाही. बाहेर पाऊल टाकायचं असेल तर लागतो. आणि एकाच घरात तीन नियम निघू शकतात. नातू अमेरिकेत जन्मलेला, अमेरिकन पासपोर्टवाला: त्याला अमिरातीत आधी काही करावं लागत नाही. आजी-आजोबांचा पासपोर्ट भारतीय, पण त्यावर अमेरिकेचा किमान सहा महिने मुदतीचा व्हिसा आहे: त्यांना तिथं उतरल्यावर पैसे भरून १४ दिवसांचा व्हिसा मिळू शकतो. लेक मात्र अडकू शकतो. त्याचा अमेरिकेतला मुक्काम कायदेशीर असेल, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत उलटली असेल आणि ग्रीन कार्डही नसेल, तर ही सवलत त्याला नाही. म्हणजे ज्याच्या भरवशावर सगळे निघालेत, तोच आत राहायचा!

यापैकी काहीच हाताशी नसेल तर ४८ आणि ९६ तासांचे वाटसरूंचे व्हिसा आहेत. २०१८ पासून ४८ तासांचा मोफत आणि ९६ तासांचा ५० दिरहमचा, अशी मूळ फी ठरली. सेवा आकार वेगळा. हा व्हिसा मात्र अमिरातीतल्या विमान कंपन्यांमार्फत आधी काढावा लागतो, खिडकीशी मिळत नाही. कतारचा रस्ता आणखी वेगळा, तिथं भारतीयांना हॉटेलचं पक्कं बुकिंग दाखवावं लागतं. हे नियम बदलत असतात. तिकीट काढतानाच विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावं, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यावर विसंबू नये.

नावाची एक अडचण आपल्याकडे जुन्या पिढीत हमखास निघते. पासपोर्टवर नुसतं "सुमनबाई" असं एकच नाव, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीनं असं एकेरी नाव असलेल्या भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश देणं बंद केलं. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा आला. तेव्हा पासपोर्टची दोन्ही पानं आधीच उघडून बघा.

"स्वस्त मिळाली म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली"

पैसे वाचतात, हे खरं. पण वेगळ्या तिकिटावर बॅगा पुढच्या विमानात आपोआप जातीलच असं नाही. त्या बाहेर जाऊन घ्याव्या लागल्या तर व्हिसा आला. दुबईत टर्मिनल २ हे धावपट्टीच्या पलीकडे आहे, तिथून टर्मिनल ३ ला जायला बस लागते. आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. उलट एकाच तिकिटावर पुढचं विमान चुकलं तर दुसऱ्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची.

उशीर कशानं होईल, याची कल्पना करून ठेवता येत नाही. वाळवंटात पाऊस कुठला, असं म्हणणाऱ्यांना १६ एप्रिल २०२४ आठवत असेल. त्या दिवशी अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक पाऊस झाला. अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईत वर्षाकाठी जेमतेम शंभरेक मिलिमीटर पडतो, त्यामुळे गटारांची बांधणीही त्याच हिशेबाची. धावपट्ट्यांवर पाणी साचलं आणि विमानतळाची घडी बसायला काही दिवस लागले. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारनं आपलं आकाश काही तास बंद केलं, तेव्हा कारण युद्धाचं होतं.

बॅगांचा आणखी एक बारकावा आहे. थांबा चोवीस तासांच्या आतला असेल तर मोठ्या बॅगा बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत जातात, हॉटेलात तुमच्याबरोबर येत नाहीत. चोवीस तासांच्या वर असेल तर त्या ताब्यात घ्याव्या लागतात. आजींच्या गोळ्या आणि एक जोड कपडे कुठल्या पिशवीत ठेवायचे, ते यावर ठरतं.

"फराळाच्या डब्याला कोण हात लावतंय?"

अनारशांवरची खसखस. आपल्या घरात ती डब्यात असते, अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते. पाकीट घरगुती आहे, थोडंच आहे, ही सबब तिथं चालत नाही. तिथं उतरणार असाल तर अनारसे, खसखस घातलेलं करंजीचं सारण आणि खसखस पडलेला काळा मसाला हे तिन्ही घरीच राहू द्या. विड्याची पानंही दुबई कस्टमच्या निषिद्ध यादीत आहेत. गुटख्याला महाराष्ट्रातही २०१२ पासून बंदीच आहे, तरी आजोबांचे खिसे एकदा तपासलेले बरे.

औषधांचं तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या काही गोळ्या यांवर तिथं कडक नियंत्रण आहे. अशा औषधांसाठी अमिरातीची सरकारी परवानगी निघण्याआधी ऑनलाइन घेता येते. डॉक्टरांची चिठ्ठी मूळ वेष्टनासह जवळ ठेवावी. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरायची आपली सवय इथं नडते.

"बाईमाणसाला चाळीस ग्रॅम सोनं माफ असतं"

असतं, पण दागिन्यांपुरतं, आणि तेही एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्या बाईला. पुरुषाला वीस ग्रॅम, त्यालाही हीच अट. दुबईत दोन दिवस थांबलेल्यांना यातलं काही नाही, आणि सहा महिने लेकाकडे राहून परतणाऱ्या आईवडिलांनाही नाही. त्यांनी आणलेलं सोनं जाहीर करून शुल्क भरायचं असतं. शारजाच्या भाच्यानं बहिणीच्या लग्नात आणलेल्या पाटल्यांवरून हा समज पसरतो. भाच्याला तो हक्क होता. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, तेव्हा तिकडच्या आणि आपल्या सराफातल्या भावांमधलं अंतरही बरंच आटलं. जाताना अंगावर भारी दागिने असतील तर निघतानाच कस्टमकडून तसा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते नवे ठरत नाहीत.

कपड्यांची आणि जेवणाची काळजी मात्र उगाच केली जाते. नऊवारीसुद्धा चालते, डोकं फक्त मशिदीत झाकायचं. बर दुबई आणि करामा भागात शाकाहारी थाळी सहज मिळते. परतीत आषाढी आली तर भगर-साबुदाणा सोबत न्यावा, त्यात खसखस नसते.

"मध्ये थांबलं की प्रवास सोपा होतो"

कुठल्या बाजूला थांबता त्यावर आहे. मुंबईहून दुबई जेमतेम तीन तास. जाताना तिथं उतरलं तर थकवा यायच्या आधीच विश्रांती होते आणि पुढचे चौदा-सोळा तास जसेच्या तसे बाकी राहतात. येताना उलट. न्यूयॉर्कहून दुबई तेरा-चौदा तासांचं बसणं संपवून एक रात्र पाठ टेकायला मिळते, आणि घड्याळही भारताच्या दीड तासावर आलेलं असतं. बहुतेक लोक उत्साहाच्या भरात थांबा जातानाच घेतात. माझ्या मते तो येताना घ्यावा, आणि वेळ थोडा असेल तर एकच रात्र. कारण मुंबईत उतरल्यावर नांदेडपर्यंतचा रेल्वेचा लांबलचक प्रवास आणि पुढे हिंगोलीची गाडी हा टप्पा तिकीट काढताना कुणीच धरत नाही.